चिपाडाची गाडी आणि कोयीची पिपाणी

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील जुन्या बालजीवनाचा विचार करताना एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. तेथील मुलाला खेळणे सहसा मिळत नसे. ते त्याला करावे लागे. जत्रेतला लाकडी घोडा किंवा कुंभाराकडची बोळकी वर्षातून एखाद्या वेळी घरात येत. उरलेल्या दिवसांची सोय शेतातील काडीकचरा, ओढ्याकाठची माती, झाडाखाली पडलेल्या बिया आणि मुलांचे स्वतःचे हात यांवरच होत असे. त्यामुळे खेळणे करणे हाच खेळाचा पहिला आणि बहुधा अधिक रंगणारा भाग असे. या घडणीतून मुलांना जे ज्ञान मिळे, त्याची गणना शिक्षणात कधी झाली नाही. आज ती खेळणी आणि ती करणारे हात दोन्ही दुर्मिळ होऊ लागल्यावर त्या ज्ञानाचे मोल जाणवू लागले आहे.

या परंपरेची मुळे फार खोल आहेत. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत भाजक्या मातीच्या छोट्या गाड्या, चाके आणि पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या सापडल्या आहेत. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती मुले गाडीशीच खेळत होती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचे नावच मातीच्या गाडीवरून पडले. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा मुलगा रोहसेन आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो आणि वसंतसेना आपले दागिने त्या गाडीत भरते. गोविंद बल्लाळ देवलांमुळे हा प्रसंग मराठी रंगभूमीवरही परिचित झाला. विकतची गाडी आणि घरची गाडी यांतील अंतर मुलाला किती जाणवते, हे त्या जुन्या नाटककाराने अचूक हेरले होते.

ऋतुचक्र आणि खेळणी

ग्रामीण खेळण्यांचे पहिले वैशिष्ट्य असे, की त्यांचे वेळापत्रक ऋतू ठरवीत. पहिला पाऊस पडून उकिरड्याच्या कडेला टाकलेल्या आंब्याच्या कोयींना कोंब फुटले, की पिपाण्यांचे दिवस सुरू होत. ओढेनाले वाहू लागले, की कागदाच्या आणि पानांच्या होड्या पाण्यात पडत. माती चांगली मुरून मळण्याजोगी झाली, की बैल घडू लागत. दक्षिण महाराष्ट्रात बेंदराला आणि इतरत्र श्रावण अमावास्येच्या पोळ्याला घरोघर मातीच्या बैलांची पूजा होई, तेव्हा त्यांतील एखादी जोडी मुलांच्या हातची असे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी मुले चाकांवर बसविलेले लाकडी नंदी घेऊन मिरवितात.

दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात अंगणाच्या कोपऱ्यात किल्ले उभे राहत. दगड रचून त्यावर पोते टाकायचे, चिखलाने लिंपायचे, बुरूज आणि पायऱ्या काढायच्या व हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, अशी ही रीत आजही पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. सुगी उरकली, की ज्वारीच्या चिपाडांचा हंगाम येई. संक्रांतीच्या आगेमागे बांबूच्या कामट्या, कागद आणि पिठाची खळ यांपासून पतंग तयार होत. कोकणात माडाच्या हिरव्या पातीची घड्याळे, चष्मे, साप, चेंडू आणि भिरभिरी होत. ताडगोळे काढून घेतल्यावर उरलेल्या पोकळ फळांची चाके करून दोनचाकी गाडीही पळविली जाई.

या वेळापत्रकातून मुलाला निसर्गाची ओळख आपोआप होई. पांगाऱ्याचे लाकूड मऊ, बाभळीचे कठीण. अंबाडीचा वाख चिवट, केळीचा सोप हलका. ओली माती वाळताना तडकते आणि तिच्यात बारीक भुसा मिसळला तर कमी तडकते, ही माहिती पाठ करावी लागत नसे. चुकीचे लाकूड निवडले तर दांडू फुटे आणि धडा तेथेच मिळे.

चिपाडाची बैलगाडी

घरच्या खेळण्यांत सर्वांत कसबी वस्तू म्हणजे चिपाडाची बैलगाडी. ज्वारीचे वाळलेले ताट घेऊन त्यावरची कठीण साल लांब पट्ट्यांनी सोलून काढीत. आत पांढरे, हलके, स्पंजासारखे भेंड निघे. सालीच्या पट्ट्या चिवट आणि धारदार, तर भेंड मऊ आणि टोचले तर पकडून ठेवणारे. एकाच ताटातून लाकूड आणि खिळे असे दोन्ही मिळत. गोंद, सुतळी, लोखंड यांपैकी कशाचीही गरज पडत नसे.

सालीची पट्टी वाकवून तिची कडी केली, की चाकाची धाव तयार होई. भेंडाचा एक तुकडा मध्ये तुंबा म्हणून ठेवून त्यात सालीच्या काड्या आऱ्यांसारख्या खोचीत. दोन तुंब्यांतून आरपार काडी गेली, की आस झाला. त्यावर काड्यांचा साटा, पुढे धुरा, धुऱ्यावर आडवे जू आणि जुवाला दोन्हीकडे शिवळा. बैल भेंडाचेच, चार काड्यांचे पाय आणि दोन वाकड्या काड्यांची शिंगे लावली, की जोडी उभी राही. ही गाडी खऱ्या गाडीची नुसती प्रतिकृती नव्हती. खऱ्या गाडीचा प्रत्येक भाग काय काम करतो, हे कळल्याशिवाय ती जुळत नसे. दोन चाके सारख्या मापाची झाली नाहीत तर गाडी एका अंगाला वळे. आस मध्यापासून सरकला तर साटा पुढे किंवा मागे कलंडे. मग मुलगा बापाच्या गाडीकडे पुन्हा जाऊन नीट पाही.

खेळणे करताना निरीक्षण, माप, समतोल आणि दुरुस्ती या चार गोष्टी अशा रीतीने हाताच्या अंगवळणी पडत. सुताराच्या, लोहाराच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाला पुढे जे काम करायचे असे, त्याचा पहिला पाठ तो येथेच गिरवीत असे.

हातातले विज्ञान

या खेळण्यांमागे विज्ञानाची तत्त्वे होती. मात्र त्यांची नावे मुलांना ठाऊक नव्हती. कोयीची पिपाणी घ्या. कोंब फुटलेल्या कोयीचे वरचे कवच काढून आतल्या गराचे टोक खरबरीत दगडावर घाशीत. दोन दलांमध्ये बारीक फट दिसू लागली, की पिपाणी झाली. फुंकलेली हवा त्या फटीतून जाताना कडा थरथरतात आणि आवाज निघतो. सनईच्या तोंडाशी बसविलेल्या पातीचे कार्यही याच तत्त्वावर चालते. फट जास्त रुंद झाली तर नुसतीच हवा जाते, फार अरुंद राहिली तर आवाजच निघत नाही. किती घासायचे, याचे माप कान देत असे.

विटीदांडूत दांडूचा फटका विटीच्या टोकदार टोकावर बसतो. जमिनीला टेकलेला भाग टेकू होतो आणि विटी तरफेप्रमाणे हवेत उडते. बांबूच्या नळीत दोन्ही टोकांना हिरवी, कठीण फळे घट्ट बसवून मागून दट्ट्या रेटला, की मधली हवा दाबली जाते आणि पुढचे फळ आवाज करीत उडते. भोवऱ्याची आर, म्हणजे टोकाचा खिळा, मध्यावर नसेल तर भोवरा थरथरतो. असली तर तो जागच्या जागी स्थिर दिसेपर्यंत फिरतो. मोगली एरंडाच्या पानाचा देठ मोडून त्याच्या चिकाचा पडदा गवताच्या कडीत धरीत आणि फुंकरीने रंगीत फुगे उडवीत. द्रवाचा पृष्ठताण हा शब्द न ऐकता त्याचा खेळ खेळला जाई.

यांपैकी एका खेळण्याने तर थेट वैद्यकीय प्रयोगशाळेत प्रवेश मिळविला आहे. सदऱ्याची गुंडी किंवा बाटलीचे ठोकून सपाट केलेले झाकण घेऊन त्याच्या दोन भोकांतून दोरा ओवायचा, दोऱ्याला पीळ द्यायचा आणि दोन्ही हातांनी तो ताणायचा व सैल सोडायचा. ही भिंगरी गावोगावी मुलांच्या हाती असे आणि जगाच्या अनेक भागांत ती फार प्राचीन काळापासून आढळते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी या भिंगरीच्या गतीचा गणिताने अभ्यास केला. कागदाची चकती, दोरा आणि हातात धरण्याच्या दोन कांड्या यांपासून त्यांनी रक्ताचे घटक वेगळे करणारे साधन तयार केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार ही चकती मिनिटाला सव्वा लाख फेरे घेऊ शकते आणि दीड मिनिटात रक्तातील द्रव वेगळा करते. वीज नसलेल्या ठिकाणी हिवतापाची तपासणी करता यावी, हा त्यामागचा हेतू होता. ज्या वस्तूकडे मोठी माणसे पोरखेळ म्हणून पाहत होती, तिच्यात एवढे सामर्थ्य दडलेले होते.

भातुकलीचा संसार

मुलींची खेळणी वेगळी असत आणि त्यांत घरातील कामाचे प्रतिबिंब अधिक असे. नारळाच्या करवंट्या, मातीची चूल, चपट्या दगडाचा पाटा आणि लांबट गोट्याचा वरवंटा यांवर भातुकली मांडली जाई. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली, तिचे काजळाचे डोळे आणि काळ्या दोऱ्यांचे केस हे आजी-आईच्या हाताखाली शिकलेले शिवणकामच होते. बाहुला-बाहुलीच्या लग्नात दोन्ही घरची मुले वऱ्हाडी होत आणि गूळ-शेंगदाण्यांची पंगत उठे. सागरगोट्यांचा खेळ त्या वेलीच्या करड्या, गुळगुळीत, कठीण बियांवर चाले. एक उडवून तो खाली येण्याच्या आत बाकीचे उचलणे आणि पुन्हा तो झेलणे यांत डोळा व हात यांचा मेळ लागे. चिंचोके फोडून त्यांची एक बाजू पांढरी व दुसरी काळी ठेवीत आणि पटाच्या खेळात फाशांऐवजी वापरीत. किती पांढरे, किती काळे यावर दान ठरे आणि बेरीज तोंडी होई.

खेळांनी जपलेले शब्द

या खेळण्यांबरोबर मोठा शब्दसंग्रहही मुलांच्या तोंडी राहिला. विटीदांडूत मापे घेताना अनेक भागांत वकट, लेंड, मूंड, नाल असे शब्द म्हणतात. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या एक ते चार अंकांशी त्यांचे साम्य उघड आहे. मराठी आणि तिच्या दक्षिणेकडील शेजारी भाषा यांच्या दीर्घ सहवासाची ही खूण ग्रंथांइतकीच मैदानावरही टिकून राहिली. दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त असे कितीतरी शब्द नोंदलेले सापडतात. खेळाचे शब्द आणि नियम लिहून ठेवता येतात. खेळणे करण्याची रीत मात्र एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जाते. मधला एक दुवा निसटला, की ती थांबते.

दुसरी बाजू

जुन्या काळाचे गोडवे गाताना वस्तुस्थिती नजरेआड होता कामा नये. ही खेळणी घरी होत, याचे एक कारण गरिबी हे होते. चिपाडाच्या गाड्या आणि बांबूच्या नळ्या तयार झाल्या त्या बहुतांशी गुरे राखताना मिळालेल्या रिकाम्या वेळात. गुराखी मुलांना हा वेळ मिळे, कारण त्यांच्यापैकी अनेकजण शाळेत जात नव्हते. मुलींना तर धाकटी भावंडे सांभाळून आणि पाणी भरून उरेल तेवढाच वेळ खेळायला मिळे. बेचकीने पाखरांचा जीव जाई. विटीमुळे डोळा गमावल्याच्या कहाण्या गावोगावी ऐकावयास मिळत. तेव्हा तो काळ जसाच्या तसा परत यावा, अशी इच्छा कोणी करणार नाही.

सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. माळरानावरची ती बिनभिंतींची शाळा बंद होणे योग्यच होते. प्रश्न एवढाच उरतो, की त्या शाळेत जे शिकविले जात होते ते चार भिंतींच्या शाळेने आपल्याकडे घेतले काय?

सामग्री का हरवली?

घरची खेळणी केवळ प्लॅस्टिकच्या खेळण्यांमुळे किंवा पडद्यावरच्या खेळांमुळे मागे पडली, असे मानणे अपुरे ठरेल. त्यांची सामग्रीही शिवारातून कमी झाली. १९६४ मध्ये ज्वारीचा ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित वाण प्रसृत झाला आणि खरिपात उंच ताटांच्या गावठी ज्वारीची जागा बुटक्या, अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांनी घेतली. अन्नधान्याच्या दृष्टीने हा बदल आवश्यक होता. पुढे मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले, तसे ज्वारीचे क्षेत्र घटले. रब्बीत मालदांडीसारखी उंच ज्वारी जेथे अजून पेरली जाते, तेथेच लांब पेऱ्यांचे चिपाड हाती लागते. लाकडी चाकाच्या गाडीऐवजी रबरी चाकांची गाडी आणि नंतर ट्रॅक्टर आला. तुंबा, आरे, धाव हे शब्द ज्याने प्रत्यक्ष पाहिले नाहीत, तो मुलगा ते खेळण्यात कसे आणणार? गावातील सुतारकाम आणि कुंभाराचा आवा जसजसे बंद पडले, तसतशी मुलांना फुकट मिळणारी लाकडाची ढलपी आणि मातीचा गोळाही दिसेनासा झाला.

शाळेच्या अंगणात

ही दरी सांधण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात पूर्वीच झाले आहेत. वर्धा येथे १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्याला आरंभ केला आणि पुढे ते कोसबाडला नेले. त्यांना अनुताई वाघ यांची मोलाची साथ लाभली. परदेशी पद्धतीची महाग शैक्षणिक साधने खेड्याला परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती यांतून साधने उभी केली. आदिवासी मुले गुरे चारावयास जात तेथेच शाळा नेण्याचा त्यांचा कुरणशाळेचा प्रयोग तर प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. मूल जेथे आहे आणि त्याच्या हाताशी जे आहे, तेथून शिक्षणास आरंभ करावा, हा त्याचा अर्थ होता.

राष्ट्रीय पातळीवरही या विषयाकडे लक्ष गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी देशातील हलत्या-बोलत्या लोकखेळण्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची बारीक रबरी नळी आणि टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली आणि पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील बालविज्ञान केंद्रातून ती असंख्य मुलांपर्यंत पोहोचविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत स्तरावर खेळ आणि कृती यांवर आधारित शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकता यावे, अशी तरतूदही त्यात सुचविली आहे.

या दहा दिवसांतील एक दिवस गावातील आजी-आजोबांच्या हाती सोपविता येईल. त्यासाठी खर्च नाही आणि वेगळ्या इमारतीची आवश्यकता नाही. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन कोणते खेळणे, कोणत्या महिन्यात, कशापासून आणि कसे करीत याची नोंद घ्यावी, रेखाचित्रे काढावीत आणि वडीलधाऱ्यांसमोर बसून ते खेळणे स्वतः करावे. नंतर शिक्षकाने तरफ, ध्वनी, हवेचा दाब यांचा धडा त्याच वस्तूवरून शिकवावा. अशा नोंदवह्या शाळेत जपल्या, तर प्रत्येक गावाचा स्वतःचा खेळणीकोश तयार होईल. मुलाच्या दृष्टीनेही या कामाला वेगळे मोल आहे. घरात ज्यांना ‘अडाणी’ म्हटले जाते, त्या आजोबांकडे शाळेला शिकण्याजोगे काही आहे, हे त्याला उमजेल.

मात्र काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात आणि गुंजेची लाल-काळी सुंदर बी तर अत्यंत विषारी असते. लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांचा उपयोग करू नये व त्या तोंडात जाऊ देऊ नयेत. चिपाडाची साल बोट कापते. ती सोलण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे. विटीदांडू मोकळ्या जागेत आणि पाहणाऱ्यांना दूर उभे करूनच खेळावा. बेचकी पाखरांवर रोखण्याऐवजी डब्यांवर नेम धरण्यासाठी वापरावी.

बाजारातील खेळणे बिघडले, की ते फेकून दिले जाते. चिपाडाची गाडी मोडली, की मुलगा दुसरे ताट शोधू लागे आणि दुसरी गाडी पहिलीपेक्षा सरस होई. मोडलेले पुन्हा करता येते, हा विश्वास ज्या हातांना लहानपणी मिळतो, तेच हात पुढे शेती, कारखाना आणि प्रयोगशाळा सांभाळतात. तो विश्वास देणारी सामग्री आजही आपल्या शिवारात थोडीफार शिल्लक आहे आणि ती कशी वापरायची हे सांगणारी माणसेही अद्याप ओसरीवर बसलेली आहेत. त्यांच्याकडून ही विद्या शिकून घेण्यास आता फारसा अवधी उरलेला नाही, हे शाळांनी आणि पालकांनी वेळीच ध्यानात घेणे इष्ट होय.